तारांखालची खिडकी

बारकी एका पायात चप्पल घालून घरी आली, त्या दिवशी माझी खात्री पटली की आमच्या डोक्यावरच्या तारा माझ्या पोरीला खातायत.

आमचं घर चपला-बुटांचं. आमचे हे चामडं कापतात आणि शिवतात, लेक तळ चिकटवते, मी पॉलिश मारून माल दुकानांत पोचवते. लेक एकुलती एक. चांगली लग्नाची झालीय, तरी गल्लीत तिला सगळे बारकीच म्हणतात. अशा घरातली पोर नळापासून घरापर्यंत एका पायाने अनवाणी चालत येते आणि तिला पत्ता नसतो, हे कुणाला सांगितलं तर लोक हसतील. मी दारात उभी होते. म्हटलं, "दुसरी कुठाय?" तिने खाली बघितलं आणि तिलाच हसू आलं. "पडली वाटतं कुठेतरी." पडली वाटतं म्हणे. रस्ता तापलेला, खडी उघडी पडलेली, आणि तळव्याला काही म्हणजे काही लागलं नाही.

चप्पल आणायला मीच गेले. नळाच्या कोपऱ्यावर पडली होती. पट्टा तुटलेला नव्हता, अंगठा सुटलेला नव्हता. आमच्या घरचं काम असं तुटत नाही. पायातून नुसती गळून पडली होती. मी ती उचलली, झटकली आणि वर बघितलं.

वर तारा होत्याच. आमच्या मागच्या अंगणाच्या पलीकडे विजेचा मनोरा आहे, आणि त्याच्या तारा आमच्या अंगणावरून पुढच्या मनोऱ्याकडे जातात. आम्ही इथे राहायला आलो तेव्हा साधे खांब होते. मग ते काढून हे धूड उभं केलं. कुणी विचारलं नाही, कुणी सांगितलं नाही. हवा दमट असली की तारांमधून चरचर ऐकू येते, तापल्या तव्यावर पाणी शिंपडल्यासारखी. आमच्या ह्यांना ती ऐकू येत नाही. त्यांना मी मारलेली हाकही ऐकू येत नाही, ते सोडा. माझे कान तिखट आहेत. गल्लीच्या त्या टोकाला कुणी माझं नाव घेतलं तरी मला इथे कळतं.

बारकीचं सुरू झालं ते बोटांपासून. आधी नुसत्या मुंग्या. म्हणायची, "आई, बोटं झोपलीत गं." मी म्हणायची, तू उठ म्हणजे तीही उठतील. मग मुंग्या पायांत गेल्या. मग डोकं धरायला लागलं. मग जिना चढताना पाय नीट उचलेना, पायरीला अडखळायची. घरातली सुई उचलता येईना. आणि ही ती पोर, जिच्या हाताला आमच्या सगळ्या बाजारात तोड नव्हती.

तिच्या हाताचं सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही. तळ चिकटवायला जे सोल्युशन येतं ते आमच्याकडे ब्रशने लावत नाहीत. ब्रशने गाठी राहतात, कड उचलते. माझ्या सासऱ्यांपासूनची रीत आहे: उजव्या हाताचं बोट डब्यात बुडवायचं आणि एका दमात कडेपर्यंत फिरवायचं. सासरे गेले, आमच्या ह्यांना ते कधी जमलं नाही, मला जमलं नाही. बारकीला जमलं. दुकानदार बूट हातात घेऊन तळ वाकवून बघायचा, कुठे सुटतोय का, आणि गप्प बसायचा. त्याचं गप्प बसणं हीच आमची जाहिरात. मागच्या खोलीत खिडकीखाली तिची बैठक होती, उजेड चांगला म्हणून. सकाळी बसली की जेवायला उठायची, जेवली की पुन्हा बसायची.

आणि त्याच खिडकीच्या डोक्यावर तारा. मग दुसरं काय समजायचं माणसाने?

शेजारी घड्याळं दुरुस्त करणारे काका राहतात. त्यांना सगळे घड्याळकाका म्हणतात. त्यांचं म्हणणं, तारा आल्यापासून त्यांच्याकडची घड्याळं मागे पडतात. आमचे हे त्यावर म्हणाले, "तुमचं गिऱ्हाईक तर आधीपासूनच मागे पडलंय." पण मी काकांचं मनावर घेतलं. एका संध्याकाळी दिवेलागणीला काका आमच्या अंगणात आले, हातात दुकानातली जुनी ट्यूब. तारांच्या बरोब्बर खाली उभे राहिले, ट्यूब उभी धरली, आणि ती मिणमिण पेटली. ना वायर, ना बटण. अर्धी गल्ली बघायला आली. बारकी म्हणाली, "काका, एखाद्या लग्नात असे उभे राहा, मांडवाचं बिल वाचेल." सगळे हसले. मी हसले नाही. काचेच्या नळीत जे शिरतं ते माणसाच्या हाडांत शिरत नसेल कशावरून?

आणि पुरावा मागाल तर माझ्याकडे होता. सुट्टीच्या दिवशी बारकीला बरं वाटायचं. आम्ही काम बंद ठेवतो, ती मैत्रिणीकडे जाते, अंगणात बसते, संध्याकाळपर्यंत तोंडावर जरा तरतरी येते. मी हे नीट बघून ठेवलं होतं. घड्याळकाकांना म्हटलं, सुट्टीला का बरं वाटतं सांगा. काकांनी चष्मा वर केला आणि म्हणाले, "कारखाने बंद असतात ना वहिनी. तारांतून वीज कमी वाहते." झालं. दोन आणि दोन चार. मला वाटलं, मी विजेच्या कंपनीला रंगेहाथ पकडलं.

तक्रार केली. तक्रार केली की कुणी येत नाही हा आजवरचा अनुभव, त्यामुळे कंपनीचा माणूस खरंच दारात आला तेव्हा मला वाटलं, इथे नक्की कुठेतरी पाणी मुरतंय. निर्दोष माणूस इतक्या लवकर येतो कशाला?

तरुण साहेब होता. डोक्यावर हेल्मेटचं टोपडं, हातात डबीएवढं यंत्र. अंगणभर फिरला, यंत्र कमरेशी धरून. मग घरात आला, पुढच्या खोलीत, स्वयंपाकाच्या ओट्यापाशी, आणि शेवटी मागच्या खोलीच्या दारात थबकला. नाक आक्रसलं. म्हणाला, "बाई, केवढा वास आहे इथे."

"कसला वास?" मी म्हटलं. मला कसलाच येत नव्हता.

"ह्या डब्याचा असेल. डोकं नाही दुखत तुमचं? ती खिडकी उघडी ठेवत जा. अगदी पूर्ण."

चपलांच्या घरात काय अत्तराचा वास येणार होता? पण माझं लक्ष वासाकडे नव्हतं. माझं लक्ष दुसऱ्या वाक्याकडे होतं. विजेच्या कंपनीचा माणूस माझ्या घरात येऊन मला सांगतो, तारांच्या बाजूची खिडकी उघडी ठेवा. अगदी पूर्ण.

मी विचारलं, "तुमच्या यंत्रात काय आलं ते सांगा."

"मर्यादेच्या आत आहे."

"मर्यादा कुणी ठरवली?"

"वरून ठरते."

"वरून म्हणजे तारांवरून?"

बारकी खाली मान घालून हसली. साहेबही जरा हसला, आणि मग असं काही बोलला की मी ते शब्द पदराला गाठ मारून ठेवले. म्हणाला, "खोटं कशाला बोलू. अशा तारांजवळ राहणाऱ्या लहान मुलांबद्दल थोडी शंका आहे, शास्त्रज्ञ अजून अभ्यास करतायत, नक्की असं काही सापडलेलं नाही. पण हातापायाला मुंग्या येणं, पाय लुळे पडणं, हे तारांनी होत नाही. ताईंना मोठ्या डॉक्टरला दाखवा. आणि खिडकी…"

"खिडकीचं आम्ही बघू," मी म्हटलं आणि त्याला चहासुद्धा विचारला नाही.

तो गेल्यावर गल्लीभर सांगत सुटले: कंपनीच्या माणसाने कबूल केलं, शंका आहे. त्याच्या बोलण्यातलं बाकीचं सगळं माझ्या एका कानातून शिरलं आणि दुसऱ्यातून गेलं. तिखट कान, पण असे.

दुसऱ्या दिवशी मी खिडकी बंद केली. नुसती लावली नाही, खिळे ठोकून बंद केली. घड्याळकाका म्हणाले, पत्र्याने वीज अडते. घरात पत्रा कुठला? सोल्युशनचे रिकामे डबे होते, परसात ढीग पडला होता. आमच्या ह्यांना बसवून ते कापून घेतले, हातोडीने सपाट केले, आणि खिडकीवर आडवे-उभे असे ठोकले की उजेडाची रेघ आत येऊ नये. फटींत चामड्याचे तुकडे कोंबले. खिळे जिथे कमी वाटले तिथे आणखी मारले. आमचे हे खाली उभे राहून म्हणाले, "अगं, आत दिवसा दिवा लावावा लागेल." मी म्हटलं, "लागू दे. पोर महत्त्वाची की उजेड?" बायकोशी वाद घालून आजवर त्यांच्या हाती काही लागलेलं नाही, ते पुन्हा चामड्याकडे गेले.

बारकी त्या बंद खोलीत दिव्याखाली बसायला लागली. शाळा उघडायच्या आधीचा मोसम, बुटांची मोठी मागणी आलेली, डब्यामागून डबा रिकामा होत होता. पहिल्या आठवड्यातच म्हणाली, "आई, डोकं फार जड होतंय गं इथे." मी म्हटलं, सवय होईल. मग जेवण जाईना. मग एका सकाळी चहाचा कप तिच्या हातातून सुटला आणि फुटला, आणि ती हाताकडे अशी बघत राहिली की जणू तो शेजारणीचा आहे. गल्लीतल्या डॉक्टरने डोळ्यांची खालची पापणी ओढून बघितली आणि म्हणाला, अशक्तपणा. टॉनिक दिलं. ती काय काम करते हे त्याने विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. तारांचं मात्र सगळं सांगितलं. त्याने ऐकून घेतलं आणि मान हलवली.

रात्री ती झोपली की मी तिच्या तळव्याला नखाने हळूच टोचून बघायचे. पाय हलायचा नाही. लहानपणी गुदगुल्या केल्या तर घर डोक्यावर घ्यायची ही पोर.

मी ठरवलं, हिला इथून हलवायचं. माझी धाकटी बहीण डोंगराकडच्या गावात राहते. तिच्या घरावरून एक साधी बारीक तार जाते, दिव्यापुरती. मनोरा नाही, काही नाही. फोन केला, बहीण म्हणाली, आजच पाठव. कपडे बांधले, टॉनिकची बाटली बांधली. आणि काम बांधलं. कापलेले, शिवलेले बूट एका गोणीत, तळ दुसऱ्या गोणीत, वर सोल्युशनचा नवा सीलबंद डबा, आडवा होऊ नये म्हणून चिंध्यांत गुंडाळून. आमचे हे म्हणाले, "आजारी पोरीबरोबर काम कशाला देतेस?" मी म्हटलं, "शाळा काय तिच्या मुंग्या जायची वाट बघणार आहेत? आणि हात रिकामा राहिला की नको ते विचार येतात." बारकी डबा मांडीवर घेऊन बसली आणि गाडी सुटली.

तिकडून पहिले दोन-तीन फोन चांगले आले. जेवली, झोपली, डोकं हलकं आहे. मी गल्लीत मिरवून घेतलं. घड्याळकाकांना म्हटलं, बघा, तारांपासून लांब गेली आणि सुधारली. ते म्हणाले, आता कोर्टात जाऊ. आम्ही दोघांनी अंगणात उभं राहून तारांकडे असं बघितलं, जसं खटला जिंकलेली माणसं बघतात.

मग फोन येईनासे झाले. मी केला की बहीण म्हणायची, कामात आहे, नंतर करेल. आणि एक दिवस सकाळी बहिणीचा फोन आला. "ताई, तू ये. आजच ये. हिला दारातून अंगणात जाता येत नाहीये."

वाटेत मी काय काय शंका घेतल्या हे आठवलं तरी आता लाज वाटते. बहिणीने पोरीला राबवलं असेल. पाण्यात काही असेल. गावात उतरले तर पोरीकडे धाव घ्यायची सोडून मी आधी मान वर करून फिरले. कुठे मनोरा आहे का, ट्रान्सफॉर्मर आहे का, कुणाच्या गच्चीवर मोबाईलचा टॉवर बसवलाय का. एका म्हाताऱ्याला विचारलं, "इथे जमिनीखालून तर तारा नेल्या नाहीत ना?" तो म्हणाला, "बाई, इथे जमिनीवरून नीट येत नाहीत." काहीच सापडलं नाही. डोंगर, झाडं, आणि एक बारीक तार.

बहीण दारातच उभी होती. मला आत नेलं. मागे एक लहान खोली आहे, तिकडे डोंगरावरून गार वारा फार येतो म्हणून खिडकी घट्ट लावलेली. आत दिवा. दिव्याखाली बारकी, भिंतीला पाठ टेकून, पाय पुढे पसरलेले, मांडीवर बूट, शेजारी डबा, झाकण उघडं. बूट जवळजवळ सगळे संपवले होते. कडा मात्र उचललेल्या. बारकीच्या हातची कड उचललेली मी आयुष्यात पहिल्यांदा बघितली.

मी तिच्याशेजारी जाऊन बसले. बहीण मात्र उंबऱ्यातच थांबली, पदर नाकाला लावून.

"आत ये ना," मी म्हटलं.

"मला नाही बसवत गं ताई तिथे. थोडा वेळ बसले तर डोकं फुटायला येतं. तुला वास येत नाही?"

"कसला वास?"

हे मी म्हटलं आणि माझं मलाच ऐकू आलं. हेच मी त्या साहेबाला म्हटलं होतं. त्याच शब्दांत, त्याच ठसक्यात. मी डबा उचलला आणि नाकाशी धरला. नाकाला काही कळेना. मग डोळ्यांना झोंबलं, डोळ्यांत पाणी आलं, तरी नाकाला काही कळेना. इतकी वर्षं त्या घरात राहून माझं नाक मेलं होतं आणि मी कानांच्या बढाया मारत फिरत होते.

बारकी माझ्याकडे बघत होती. म्हणाली, "आई, इथे तार नाहीये. डबा आहे."

"तुला कधी कळलं?"

"आल्याआल्या बरं वाटत होतं. मग डबा उघडला. पुन्हा मुंग्या सुरू झाल्या, तेव्हा वाटलं."

"मग मला फोन का नाही केलास, गाढवे?"

"तू इतक्या खात्रीने सांगत होतीस," ती म्हणाली, "मला वाटलं माझंच चुकतंय."

मला कुणी थोबाडीत मारलं असतं तर बरं झालं असतं. मी डबा झाकण लावून बाहेर ठेवून आले, खिडकी उघडली, गार वारा आत आला आणि मी तिथे बसून रडले. बहिणीने पाणी दिलं. बारकी माझ्या पाठीवरून हात फिरवत होती, आणि त्या हाताला माझी पाठ कळत होती की नाही कुणास ठाऊक.

शहरातल्या मोठ्या इस्पितळात नसांचे डॉक्टर होते. त्यांनी पहिला प्रश्न तोच विचारला, काम काय करते. बारकीने सांगितलं. बोटाने लावते हेही सांगितलं. डॉक्टरांनी तिचं बोट हातात घेतलं, टोकाची चिरा पडलेली कातडी बघितली. पायाच्या अंगठ्याला कंप देणारा चिमटा लावला आणि विचारलं, कळतंय का. तिने डोळे मिटून बराच विचार केला आणि नाही म्हणाली. मग नसांची तपासणी झाली. डॉक्टर म्हणाले, काही सोल्युशनांत अशी द्रव्यं असतात की बंद खोलीत रोज नाकातून आणि कातडीतून आत गेली तर नसा सुकवतात. काम आजपासून बंद. बंद केल्यावरही काही दिवस वाढेल, घाबरू नका, मग थांबेल. त्यानंतर हळूहळू परत येईल, बरंचसं. किती आणि कधी, ते मी सांगणार नाही.

मी विचारलं, "आणि तारा?"

"तारांचं मला विचारू नका, तो माझा विषय नाही," ते म्हणाले. "पण हिच्या पायांचा दोष त्यांच्यावर घालू नका."

घरी आलो. मी चप्पलही न काढता मागच्या खोलीत गेले आणि आमच्या ह्यांची पकड घेतली. खिळे मी ठोकले होते ते असे ठोकले होते की कुणी मागून काढू नयेत. आमचे हे मदतीला आले, मी हात लावू दिला नाही. एकेक खिळा ओढला. पत्रे खाली पडले, डब्यांवरची चित्रं अजून तशीच, एक हसरा बूट. चामड्याचे तुकडे उपसले. खिडकी उघडली तेव्हा समोर मनोरा होता, तारा होत्या, आणि वारा येत होता. किती दिवस मी तो वारा अडवून ठेवला होता.

घड्याळकाका कुंपणावरून बघत होते. म्हणाले, "म्हणजे वहिनी, तारांचं काहीच नव्हतं तर."

"असं मी म्हटलेलं नाही," मी म्हटलं. "बारकीचं त्यांनी केलं नाही, एवढंच. बाकीचं त्यांनी नीट शोधून मला सांगावं. आणि तुमची घड्याळं कशाने मागे पडतात ते तुम्ही बघा."

त्या साहेबाचा पत्ता लागला असता तर चहाला बोलावलं असतं. लागला नाही.

आता आमचे हे जास्त करून शिवणीचेच बूट करतात. वेळ लागतो, गिऱ्हाईक कुरकुरतं. पण सगळंच शिवून भागत नाही, काही तळ चिकटवावेच लागतात. ते मी चिकटवते. हातमोजे घालून, ब्रशने, गाठी राहिल्या तर राहू देत. आणि घरात नाही. मोकळ्या हवेत. आमच्याकडे मोकळी जागा एकच आहे, मागचं अंगण, तारांच्या बरोब्बर खाली. खिडकीला खिळे ठोकल्यापासून ज्या अंगणात पोरीला पाऊल टाकू देत नव्हते तिथे मी आता रोज पाट टाकून बसते. वर चरचर चालू असते. मी अधूनमधून मान वर करून बघते. माझा अजून त्यांच्यावर विश्वास नाही, त्यांनाही ते माहीत असावं.

पहिले कितीतरी दिवस डॉक्टर म्हणाले तसंच झालं, वाढलं. बारकी भिंत धरून चालायची. मी तिला मागे पट्टा असलेल्या चपला करून दिल्या, लहान मुलांना करतात तशा, पायातून सुटू नयेत म्हणून. तिने त्या एकदाच घातल्या. म्हणाली, "आई, मी नेहमीच्याच घालणार. पडू देत." मी त्या उचलून ठेवल्या. खात्रीने बोलायचं आता मी जरा कमी केलंय.

ती मागे पडलेली चप्पल उचलायचं काम माझं झालं. ती पुढे जायची, मी मागून उचलायची, हाक मारायची, ती थांबायची, बघायची.

काल दुपारी मी अंगणात बसले होते, हातात ब्रश, मांडीवर कुणाच्या तरी पोराचा बूट. बारकी मला पाणी द्यायला घरातून आली, तांब्या दोन्ही हातांनी धरून, सावकाश. उंबरा ओलांडला आणि तिची डाव्या पायातली चप्पल सुटली, तिथेच राहिली. मी बघितलं. हाक मारायला तोंड उघडलं.

माझी हाक जायच्या आधीच बारकी दोन पावलांवर थांबली. खाली बघितलं नाही, माझ्याकडेही नाही. तांब्या तसाच धरून ती मागे वळली, पायाने चाचपत चप्पल शोधली आणि घातली. मग येऊन मला पाणी दिलं.